ट्रकातली संगत, गोदाकाठचा मुक्काम

पंजाबातून नांदेडला आलेला ट्रक लांबूनच ओळखू येतो. हौद्यात मधोमध फळ्या टाकून दोन मजले केलेले, खाली-वर गाद्या, वरून ताडपत्री, पुढे केशरी निशाण. कोपऱ्यात पिठाची पोती, गॅसची शेगडी, मोठाली पातेली. आत संगत, म्हणजे यात्रेला निघालेली अख्खी आळी: दोस्त, शेजारीपाजारी, म्हातारीकोतारी. वाटेत गुरुद्वारा लागला की मुक्काम, सावली मिळाली की स्वयंपाक. पंजाबच्या शेतकऱ्याने आपलं फिरतं घर मालट्रकातच थाटलं.

या शहराची ओळखच मुळी मुक्कामातून घडली. औरंगजेबानंतर गादीवर आलेला बहादूरशहा भाऊ कामबक्षावर चालून दक्षिणेत निघाला, तेव्हा शिखांचे गुरू गोविंदसिंग त्याच्या छावणीसोबत होते. मुघल छावणी म्हणजे चालतं शहर: बाजार, तोफा, हत्ती आणि बैलांच्या पाठीवर धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे. १७०८ साली ती गोदावरीकाठी आली. बादशहा पुढे हैदराबादकडे गेला. गुरू इथेच राहिले. ग्रंथसाहिबाला गुरुपद देऊन ७ ऑक्टोबर १७०८ रोजी ते ज्योतीज्योत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला.

आजची संगत नांदेडात जे पाहत फिरते, ते बहुतेक त्या मुक्कामाचंच आहे. नगीना घाटावर एका बंजाऱ्याने अर्पण केलेलं रत्न गुरूंनी नदीत टाकलं, हिरा घाटावर बादशहाने दिलेला हिरा टाकला, अशी परंपरा सांगते. संगत साहिब गुरुद्वाऱ्याच्या जागी ढालीने मापून सैनिकांचा पगार वाटला म्हणतात. बंदा घाटावर माधोदास बैराग्याचा बंदासिंग बहादूर झाला आणि त्याने पंजाबात जाऊन मुघल सत्ता हादरवली. यातल्या काही कथा श्रद्धेच्या आहेत, पण व्यापारी, बादशहा, पगाराची वाट पाहणारे शिपाई ही त्यातली माणसं छावणीतलीच. म्हणून हे घाट एकामागून एक, शक्य तर पायी पाहावेत.

नांदेडच्या मुख्य गुरुद्वाऱ्याची, सचखंडाची, आजची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. त्या शतकात उत्तरेतून आलेल्या अनेक शिखांनी दक्षिणेतच संसार मांडला. त्यांचे वंशज आज दखनी शीख म्हणून ओळखले जातात आणि बाजारात चोख मराठीत घासाघीस करतात.

पुढे रेल्वे आली. बाबा निधानसिंगांची गोष्ट इथे घरोघर ठाऊक आहे. पंजाबला परत जायला ते स्टेशनावर पोचले, तिथे गुरूंचा दृष्टांत झाला आणि माघारी फिरून त्यांनी यात्रेकरूंसाठी लंगर मांडला. तो लंगर साहिब अजून अखंड चालतो. अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसच्या वाटेवरच्या स्टेशनांतही डबे घेऊन उभ्या असलेल्या प्रवाशांना सेवेकरी जेवण वाढतात. ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या २००८ च्या त्रिशताब्दीने, गुरुता गद्दीने, नांदेडला रुंद रस्ते दिले आणि विमानतळाचं रूप पालटलं, तरी ट्रक येतच राहिले.

नांदेड आटोपलं की अनेकजण बिदरच्या नानक झिरा गुरुद्वाऱ्याला जातात. तिकडे जाताना लातूर जिल्ह्यातल्या उदगीरची वाट धरली तर तिथला भुईकोट किल्ला लागतो. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं ते याच परिसरात. तिथे तास-दोन तास थांबायलाच हवं. आणि बिदर पंजाबी माणसाला परकं नाही: १६९९ साली आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांच्या हाकेवर शीर द्यायला उठलेल्या पाच जणांपैकी, पंजप्याऱ्यांपैकी, भाई साहिबसिंग तिथलेच.