मित्राचा बापू

समलिंगी प्रेम ही अलीकडची परदेशी हवा, असे आपल्या बैठकींतून सहज बोलले जाते. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले, आणि त्यातला काळ तर स्वातंत्र्यापूर्वीचा. कॉलेजातली सुमित्रा एका मुलीवर प्रेम करते. तिचे मन जाणणारा बापू त्या दोघींना भेटायला आपली खोली देतो, आणि पुढे तोही संबंध तोडतो. सुमित्रा जीव देते. मला तिच्याहून बापूच अधिक अस्वस्थ करतो. त्याला सगळे कळते. फक्त झळ आपल्याला नको. असे बापू आपल्या घराघरांत आहेत, मीही त्यातलाच असेन.

परदेशी होता तो कायदा. १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम इंग्रजांचे. आपण ते परंपरा म्हणून जपले. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते सैल केले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आवळले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. विवाहाला मान्यता मात्र २०२३ सालीही मिळाली नाही. तेव्हा असे जोडपे आज भाड्याची खोली विचारायला येते, ते बापूच्याच दारी.