मालेगावचे माग आणि परका पाहुणा

नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील प्रचंड घंटा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकल्यावर एका चर्चची ही घंटा नाशिकला आली. त्याच नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० मध्ये मोसम नदीकाठी मालेगावचा किल्ला बांधावयास घेतला. त्या कामासाठी सुरतेकडील व उत्तर हिंदुस्थानातील कारागीर आले. मालेगाव वाढले ते असे परप्रांतीयांच्या हातांनी.

पुढे १८५७च्या उठावानंतर इंग्रजांच्या दडपशाहीला कंटाळून उत्तरेकडील मोमीन विणकरांची कुटुंबे आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे निघाली. विलायती गिरण्यांच्या कापडाने त्यांचा धंदा आधीच बुडत आला होता. मालेगावी त्यांनी माग मांडले आणि विणली ती आपल्याच आयाबहिणींची रंगीत लुगडी! १८६२च्या दुष्काळानंतर आणि १९४८ साली हैदराबादेतूनही विणकर येत राहिले. १९३५च्या सुमारास हातमागांच्या जोडीला यंत्रमाग आले आणि त्यांच्या खडखडाटावर हजारो घरांच्या चुली पेटू लागल्या.

आज हेच गाव संशयाच्या छायेत आहे. परदेशी घुसखोरांनी जन्मदाखले मिळविल्याच्या आरोपांवरून जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. खोटा दाखला हा गुन्हाच. त्याची चौकशी व्हावी. परंतु एखाद्याच्या अपराधाचे माप साऱ्या वस्तीच्या पदरी घालणे हा न्याय नव्हे.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत समतोल आहे. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली, हेरोदाच्या भयाने इजिप्तला पळालेले नाझरेथचे कुटुंब हे प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा आदर्श होय, असे सांगितले. पोप तेविसावे योहान यांनी १९६३ मध्ये स्थलांतर हा माणसाचा हक्क मानला. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की, संपन्न राष्ट्रांनी यथाशक्ती परक्यांचे स्वागत करावे, शासनाने सार्वजनिक हितासाठी अटी घालाव्यात आणि आलेल्याने त्या देशाचे कायदे पाळावेत. सीमा नाकारलेली नाही. सीमेपलीकडचा माणूसही नाकारलेला नाही.

अखेरच्या न्यायाच्या वेळी प्रभू येशू परक्याच्या रूपात आपला हिशेब मागणार आहे, हे मत्तयच्या शुभवर्तमानात आपण ऐकतो. आपल्या आज्यांनी नेसलेले लुगडे कदाचित मालेगावच्या मागावरचे असेल. ते विणणाऱ्याचा गाव कोणता, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. आपण विचारण्यापूर्वी क्षणभर थांबू या.