जोखडापासून टो-बारपर्यंत

वाहनांचा इतिहास सांगतांना चाकाची थोरवी सर्वच गातात. पण ओढणारा आणि ओढला जाणारा यांना एकत्र बांधणाऱ्या सांध्याकडे क्वचितच कोणाचें लक्ष जातें. सपाट रस्त्यावर एवढी उपेक्षा चालून जाते. घाटांत मात्र प्रवाशांचा जीव त्या सांध्यावरच टांगलेला असतो. वाई आणि पांचगणी यांच्यामधला पसरणीचा घाट हें त्याचें ठळक उदाहरण होय. वाई समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंच, तर पांचगणी सुमारें १,३०० मीटर. आणि हा सारा चढ अवघ्या १२-१३ किलोमीटरांत चढावयाचा. म्हणजे सरासरीनें दर २० मीटरांमागें एक मीटर वर जावयाचें, आणि परत येतांना तितकेंच खालीं उतरावयाचें.

दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पांच गांवांमधल्या पठारावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाच्या पुढाकारानें वसाहत उभी राहिली. महाबळेश्वरीं पावसाळा काढणें कठीण. पांचगणीची हवा त्या मानानें कोरडी. म्हणून येथें शाळा निघाल्या, क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधामें निघालीं, आणि हवा पालटण्यासाठीं येणाऱ्या कुटुंबांचे बंगले उठले. आगगाडीनें येणारी मंडळी पुणें-मिरज मार्गावरील वाठार स्टेशनावर उतरत आणि वाईमार्गें टांग्यानें घाट चढत. ट्रंका, वळकट्या आणि भांडींकुंडीं यांसारखें जड सामान बैलगाडीचें.

बैलगाडीचा सांधा दिसावयास साधा. गाडीच्या दांड्या पुढें एकत्र येतात, त्यांवर आडवें जोखड, जोखडांत शिवळा, आणि शिवळांच्या आंत बैलांच्या माना. पण गाडी भरणाऱ्याचें खरें कसब वजनाच्या वाटणींत. ओझें मागें अधिक झालें कीं गाडी मागें कलते आणि जोखड बैलांच्या मानेवरून वर उचललें जातें. याला मराठींत ‘गाडी उलार होणें’ असें नेमकें नांव आहे. ओझें पुढें अधिक झालें तर बैलांच्या माना दबतात. जाणता गाडीवान म्हणून थोडासा भार पुढें ठेवी: मानेला जोखडाची जाणीव राहील एवढाच, ती रगडली जाईल इतका नव्हे.

जुन्या दोन घोड्यांच्या टांग्याची तऱ्हा निराळी होती. गाडीचा मधला दांडा दोन घोड्यांच्या मधून पुढें जाई, आणि घोड्यांच्या पाठीवरील खोगिरांवर टेकलेली आडवी लोखंडी सळई त्या दांड्याला तोलून धरी. चढावर घोडे गाडी ओढीत. उतारावर गाडी घोड्यांना ढकलूं पाही, आणि तो रेटा याच जोडणीनें सोसावयाचा. सांध्याचीं कामें त्यामुळें एक नव्हे, तीन होतात: ओढणें, तोलणें आणि आवरणें. रात्रीं गाडीखालीं लोंबणारा कंदील चौथें काम करी. मागून येणाऱ्यास पुढें गाडी आहे हें तो सांगे.

मोटार आली तेव्हां हीं चारही कामें तिच्याकडे गेलीं. इंग्लंडांत १८८५ सालीं डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनीं प्रवासासाठीं चाकांवरचें घर बांधवून घेतलें, तें घोडे ओढीत. १९१९ सालीं बर्मिंगहॅमच्या एक्लस कंपनीनें मोटारीमागें जोडावयाचीं घरें बनविण्यास आरंभ केला. पण मोटारीच्या वेगाला आणि वळणांना सर्व दिशांनीं फिरणारा सांधा हवा होता. जर्मनींतील वेस्टफालिया कारखान्यानें १९३४ सालीं चेंडूच्या आकाराच्या जोडाचें पेटंट घेतलें. मोटारीमागें पोलादी गोळा, आणि ट्रेलरच्या टोकाला त्यावर बसणारी वाटी: वळण डावें असो, उजवें असो, रस्ता उंच असो कीं सखल, जोड फिरतो पण सुटत नाहीं. आजच्या टो-बारचें मूळ हेंच.

घरच्या मोटारीस टो-बार बसवूं पाहणाऱ्या गृहस्थानें दुकानांत जाण्यापूर्वी मोटारीची पुस्तिका उघडावी. किती वजन ओढावें याची मर्यादा मोटार बनविणारानें ठरविलेली असते. कित्येक लहान मोटारींस ओढण्याची मुभाच नसते. टो-बार बंपरला अडकवून भागत नाहीं. तो मोटारीच्या सांगाड्यावर, त्यासाठीं नेमलेल्या बळकट जागींच, बोल्टांनीं आवळला पाहिजे. गोळा आणि वाटी एकाच मापाचीं हवींत. युरोपीय माप ५० मिलिमीटरांचें, अमेरिकन माप दोन इंचांचें, म्हणजे ५०.८ मिलिमीटरांचें, हा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, पण खांचखळग्यांत जोड निसटण्यास कारण होऊं शकतो. कायद्याचीही वाट सोडूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें ट्रेलर हें स्वतंत्र वाहन मानलें असून त्याची नोंदणी लागते. मोटारीच्या मूळ रचनेंत फेरफार करण्यासही निर्बंध आहेत. म्हणून परिवहन कार्यालयांत आधीं चौकशी करावी.

वजनाचा जुना नियम येथेंही तसाच लागू पडतो. ट्रेलरच्या भरल्या वजनाचा सुमारें ५ ते ७ टक्के भार गोळ्यावर यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. अर्थात् टो-बारनें सोसावयाच्या भाराची मर्यादा त्यानें ओलांडतां कामा नये. मागें जड झालेला ट्रेलर वेगांत शेपटीसारखा डोलूं लागतो आणि मोटारीलाही आपल्याबरोबर हेलकावतो. गाडीवान ज्याला उलार म्हणे, तेंच हें.

कंदिलाची जागा आतां तारांनीं घेतली आहे. सात टोंकांच्या जोडणींत डावा व उजवा इषारा, दोन्ही बाजूंचे मागील दिवे, ब्रेकचा दिवा, धुक्यांतला दिवा आणि परतीची तार अशी विभागणी असते. पसरणीच्या घाटांत पावसाळ्यांत धुकें उतरतें, तेव्हां यांतील एकही तार निरुपयोगी नसते. जुन्या मोटारींत तारा कापून जोडल्या तरी काम निभत असे. हल्लींच्या मोटारींत दिव्यांवर संगणकाची नजर असते, म्हणून त्या मोटारीसाठीं बनविलेली स्वतंत्र जोडणीच घ्यावी. तारा वळणावर ताणल्या जाऊं नयेत आणि रस्त्यावर घासूंही नयेत, इतकी ढील ठेवावी. मोटार हलविण्यापूर्वी एकानें आंत बसून प्रत्येक दिवा लावावा, दुसऱ्यानें मागें उभें राहून पाहावा.

उरलें आवरण्याचें काम. हजार किलोचा ट्रेलर या घाटाच्या सरासरी उतारावर मोटारीला सुमारें पन्नास किलो वजनाइतका रेटा देतो, आणि तीव्र वळणावर याहून अधिक. म्हणून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. त्यांतील एका जातींत ट्रेलर पुढें रेटूं लागला कीं त्या रेट्यानेंच त्याचे ब्रेक लागतात. जोड सुटलाच तर ट्रेलर दरीकडे जाऊं नये म्हणून सांखळी असावी, आणि उतरतांना गिअर खालचा ठेवावा.

२०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅरॅव्हॅन-पर्यटनाचें धोरण स्वीकारलें, त्यामुळें चाकांवरच्या घराची हौस वाढत जाईल यांत नवल नाहीं. घाट मात्र तोच आहे. मागचें ओझें किती आहे हें तो चढतांना विचारतो. तें कसें जोडलें आहे हें उतरतांना.