बंदूक घराची, परवाना सरकारचा

गौलीगुड्यापासून हाकेच्या अंतरावरील सुलतान बाजारात १९३३ पर्यंत इंग्रज रेसिडेंटचा अंमल, भोवतालच्या शहरात निजामाचा. रस्ता ओलांडला की कायदा निराळा! १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामी अंमलही सरला. १९५९ चा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. अधिसूचित प्रदेश वगळता तलवारीला परवाना लागेनासा झाला. बंदुकीला मात्र लागतच राहिला. १९८३ मध्ये एका माणसाला तीनच बंदुका, अशी मर्यादा आली. २०१९ मध्ये ती दोनवर आली (मूळ विधेयकात तर एकच होती!). वारशाने आलेलीही त्या दोनांतच धरायची. जादा असेल ती वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. आजोबांची दुनळी द्यायची की स्वतःची रायफल, हे ज्याचे त्याने ठरवायचे.