टीएसएच वाढला, म्हणजे काय वाढले?

नांदेड-लातूरकडे रक्ताचा अहवाल आला, की ‘थायरॉइड वाढला’ असे सर्रास ऐकू येते. वाढलेला असतो टीएसएच, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचा तगादा. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले, की तगादा वाढतो. तेव्हा आकडा जास्त आला म्हणून आपणच गोळी कमी करणे हे उलटेच झाले!

१८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी एका रुग्ण बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. पुढे तोच उपचार घेत त्या २८ वर्षे जगल्या. पण मात्रा ठरायची ती नाडी, वजन आणि सूज पाहून. रक्तातले इतके सूक्ष्म संप्रेरक मोजणार कसे? १९५९-६० मध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी अणूंची खूण लावून इन्सुलिन मोजले. १९६५ च्या सुमारास टीएसएचही तसाच मोजता येऊ लागला. आपल्याकडे अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ने (स्थापना १९८९) थायरॉइडच्या अशा चाचण्यांचे संच पुरवले.

आता मात्रा बदलल्यावर साधारण सहा आठवडे थांबायचे, ते का? आम्हाला हा प्रश्न वर्गात गणितासाठीही घ्यावासा वाटतो. रक्तातले थायरॉक्सिन निम्मे व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. नवी पातळी स्थिरावायला अशा पाचेक फेऱ्या लागतात, आणि पियुषिकेला तिची दखल घ्यायला आणखी थोडे दिवस. आठव्या दिवशी केलेली चाचणी जुन्या-नव्या मात्रेची खिचडी दाखवते.