रहीम साहेबांची पुढची फळी

फुटबॉलमध्ये एक जुना वाद आहे. संघाची पुढची फळी मोडकळीला आली की ती नव्याने उभारायची, म्हणजे बाहेरून तयार खेळाडू आणायचे, की हाताशी असलेल्या पोरांना घडवत बसायचं? गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रश्न आजच्यापेक्षा मोठा होता, कारण तेव्हा पुढे दोन-तीन नव्हे, पाच जण खेळत. दोन बाजूंना दोन विंगर, त्यांच्या आत दोन इनसाइड आणि मध्ये सेंटर फॉरवर्ड. अकरातले पाच. फळी बदलणं म्हणजे अर्धा संघ बदलणं होतं.

भारतात या प्रश्नाची दोन मोठी उत्तरं दिली गेली आणि दोन्हींच्या केंद्रस्थानी मुसलमान माणसं होती. एक कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचं, दुसरं हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांचं. ‘मैदान’ हा चित्रपट आल्यापासून रहीम साहेबांचं नाव पुन्हा घेतलं जातंय. त्यात त्यांच्या देशभक्तीवर बरंच बोललं गेलं, कामावर कमी. मला कामाबद्दल लिहायचंय.

आधी कलकत्ता. मोहमेडन स्पोर्टिंग क्लब १८९१चा. चाळीस वर्षं तो खालच्या पायरीवरच होता. १९३४ साली तो कलकत्ता लीगच्या पहिल्या विभागात आला आणि आल्या वर्षीच लीग जिंकली. तोवर एकाही भारतीय क्लबला ते जमलं नव्हतं, गोऱ्या पलटणी आणि युरोपियन क्लबच जिंकत होते. पुढे १९३८पर्यंत सलग पाच वर्षं लीग मोहमेडनकडे राहिली. १९४०मध्ये त्यांनी मुंबईत रोव्हर्स कप आणि दिल्लीत ड्युरँड कप जिंकला. ड्युरँडच्या अंतिम सामन्यात समोर ब्रिटिश रेजिमेंट होती.

हे कसं घडलं? सरळ सांगायचं तर माणसं गोळा करून. क्लबच्या कारभाऱ्यांनी बंगळूर, क्वेट्टा, दिल्लीपर्यंत हात लांबवला. पुढच्या फळीत रहीम (हा बंगळूरचा, आपले रहीम साहेब नव्हेत), रहमत, रशीद असे खेळाडू आले. ‘जादूगर’ म्हणून नावाजलेला समद कारकिर्दीच्या उतरणीला असताना इथे आला. पावसात, चिखलात बूट घालून खेळायची शिस्तही याच क्लबने लावली. बाकीचे भारतीय संघ अनवाणी खेळत आणि पाऊस पडला की घसरत. नवी फळी आणि नवे बूट, एवढ्यावर पाच वर्षं निघाली.

बंगालच्या मुसलमानांना त्या विजयांनी काय दिलं ते आज समजणं अवघड आहे. गोदी कामगारांपासून वकिलांपर्यंत सगळे एका गॅलरीत बसायचे. पण एक गोष्ट कुणी विचारत नव्हतं. या अकरा जणांत कलकत्त्याच्या गल्लीतून वर आलेले किती? तयार माल आणण्यात गैर काही नाही, सगळेच क्लब ते करत. ईस्ट बंगालची १९४९ ते १९५३ची गाजलेली ‘पंचपांडव’ फळी बघा. अप्पाराव, व्यंकटेश, धनराज, अहमद खान, सालेह. पाचही दक्षिणेतले. बंगालच्या सर्वांत लाडक्या फळीत एकही बंगाली नव्हता आणि त्या ‘पांडवां’त दोघे मुसलमान होते. आपल्याकडचं मैदान कधी कधी आपल्या राजकारणापेक्षा शहाणं असतं.

आता हैदराबाद. आमच्या मराठवाड्याची राजधानी १९५६पर्यंत तीच होती, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला परकी नाही. १९४८च्या सप्टेंबरात पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्यानंतर मराठवाड्यात आणि तेलंगणात मुसलमानांवर जे गुदरलं ते सुंदरलाल समितीच्या अहवालात नोंदवलं गेलं आणि तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. घराघरांत माणसं गप्प झाली होती. कुणी पाकिस्तानला निघून गेलं, कुणाची नोकरी गेली. अशा शहरात एक शिक्षक फुटबॉल शिकवत होता.

रहीम साहेबांचा जन्म १९०९चा. उस्मानिया विद्यापीठात शिकले, तिथल्या संघात खेळले, मग हैदराबादच्या शाळांमध्ये मास्तर झाले. शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमाही त्यांनी घेतला होता. चाळीसच्या दशकात हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव म्हणून त्यांनी स्थानिक स्पर्धांचं जाळं विणलं. त्या स्पर्धांचे नियम वाचले की मास्तर दिसतो. एका प्रकारच्या सामन्यात फक्त कमजोर पायाने चेंडू मारायचा. म्हणजे उजव्या पायाचा खेळाडू असेल तर त्याने डावाच वापरायचा. दुसऱ्या प्रकारात ड्रिबलिंगला बंदी. चेंडू आला की पुढे द्यायचा, कुरवाळत बसायचं नाही.

यात गंमत अशी की त्या काळी भारतीय प्रेक्षक ड्रिबलिंगवर जीव टाकायचे. चार जणांना चकवणारा तो हिरो. रहीम साहेबांना असले हिरो नको होते असं नाही. पण चार जणांना चकवेपर्यंत विरोधी संघाचे बाकीचे सात जण जागेवर परत येतात, हे त्यांना कळत होतं. आणि विंगरचा एकच पाय चालत असेल तर बचाव करणाऱ्याला अर्धंच मैदान राखायचं असतं. कमजोर पाय तयार केला की तोच विंगर दोन्ही बाजूंना वळू शकतो. खेळाडू तोच राहतो, फळी बदलते.

१९५०पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. पोलीस अॅक्शनला दोन वर्षं झाली होती. त्या वर्षी हा संघ मुंबईला आला आणि कूपरेजवर रोव्हर्स कप जिंकून गेला. पुढच्या वर्षी पुन्हा. असं सलग पाच वर्षं, १९५०पासून १९५४पर्यंत. १९५०च्याच ड्युरँडच्या अंतिम सामन्यात त्यांनी मोहन बागानला हरवलं. संघात नूर महंमद, अझीझुद्दीन, मोईन होते तसे पॅट्रिक, नॉर्बर्टही होते. पोलीस खात्यात नोकरी, शहरातच राहणं, रोज एकत्र सराव. बाहेरून नावाजलेले खेळाडू आणायला या संघाकडे पैसा नव्हता. त्यामुळे घडवण्याशिवाय पर्यायच नव्हता, हेही मान्य करायला हवं. तत्त्व नेहमी आधी येतं असं नाही, कधी कधी रिकामा खिसा ते शिकवतो.

पण १९५२मध्ये रहीम साहेबांपुढे वेगळा पेच आला. हेलसिंकी ऑलिंपिकला भारतीय संघ घेऊन तेच गेले होते. त्याआधीच्या वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळालेलं, अंतिम सामन्यात मेवालालने इराणविरुद्ध गोल केला होता. हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले. भारताचा एकमेव गोल अहमद खानचा. थंड, ओल्या मैदानावर आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. त्यानंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. मोहमेडनने अठरा वर्षांपूर्वी पावसात शिकलेला धडा देशाने फिनलंडमध्ये घेतला.

आता इथे ‘घडवू’ म्हणून चाललं नसतं. अनवाणी खेळण्यात वाढलेल्या तिशीच्या आसपासच्या आघाडीवीराला बुटांत नव्याने खेळायला शिकवणं म्हणजे पन्नाशीच्या गवयाला घराणं बदलायला लावण्यासारखं आहे. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकपर्यंत पुढची फळी जवळपास सगळी नवी झाली. पाठीमागे अझीझुद्दीन आणि नूर महंमदसारखे अनुभवी राहिले. म्हणजे बचाव राखला, आघाडी बदलली. फळीत वीस वर्षांचे दोघे होते: जलपायगुडीचा प्रदीपकुमार बॅनर्जी आणि सिकंदराबादचा तुळशीदास बलराम. सेंटर फॉरवर्ड होता नेव्हिल डिसोझा, गोव्यातल्या आसगावात जन्मलेला आणि मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणारा. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत ४-२ने जिंकला आणि उपांत्य फेरीत गेला. तिथे युगोस्लाव्हियाशीच गाठ पडली. पहिला गोल डिसोझानेच केला, पण शेवटी सामना ४-१ने गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने तीन गोल केले. चौथा क्रमांक. त्यानंतर भारत तिथवर कधीच पोचला नाही.

बलरामची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. गरीब घरातला पोरगा, सरावाच्या मैदानापासून लांब राहणारा. रहीम साहेबांनी बोलावलं तेव्हा जायला-यायला पैसे नाहीत म्हणाला. साहेबांनी सायकलच्या भाड्यासाठी त्याला रोज एक रुपया द्यायला सुरुवात केली. घडवणं म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी तो रुपया दाखवीन.

मेलबर्ननंतर रहीम साहेबांनी पुन्हा सगळं मोडलं नाही. चौथा क्रमांक मिळवूनही शेवटच्या दोन सामन्यांत सात गोल खाल्लेल्या संघाबाबत पाटी पुसायचा मोह झाला असता. प्रदीप आणि बलराम राहिले, त्यांच्यात मोहन बागानचा चुनी गोस्वामी मिसळला. १९६०ला रोममध्ये हंगेरीकडून २-१ अशी हार झाली, बलरामचा गोल. फ्रान्सशी १-१, प्रदीपचा गोल. पेरूकडून हरून घरी. निकाल पाहिले तर अपयश. पण आठ वर्षांपूर्वी दहा गोल खाणारा संघ युरोपातल्या बलाढ्य संघांशी एका गोलाच्या अंतरात होता.

दोन वर्षांनी जकार्ता. १९६२ची आशियाई स्पर्धा. प्रदीप सव्वीस वर्षांचा, बलराम पंचविशीतला, चुनी चोवीसचा. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० हरवलं. मग थायलंडवर ४-१, जपानवर २-०. या दरम्यान बचावातला खांब जर्नैलसिंग डोक्याला टाके पडून बसला. स्टॉपरच्या जागी हेडिंग सतत करावं लागतं, ते त्याला शक्य नव्हतं. दुसरा कुणी असता तर त्याला बाकावर बसवला असता. रहीम साहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला, भारत ३-२ जिंकला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा कोरिया समोर. पहिला गोल प्रदीपचा, दुसरा जर्नैलचा. २-१.

इस्रायल आणि तैवानला यजमानांनी वगळल्यावर भारताच्या गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, म्हणून स्टेडियमभर भारताविरुद्ध हुल्लड चालू होती. त्या गर्दीत पाकिस्तानचे हॉकी खेळाडू भारताला प्रोत्साहन देत होते, असं आपले खेळाडू पुढे अनेकदा सांगत. रहीम साहेबांना तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग झालेला होता. ११ जून १९६३ला ते गेले.

मग कोणतं उत्तर बरोबर? माझा कल उघड आहे. तरी एक गोष्ट टोचते. मोहमेडन स्पोर्टिंग आजही आहे, २०२४मध्ये तो इंडियन सुपर लीगमध्ये पोचला. हैदराबाद सिटी पोलीसचा दबदबा मात्र राहिला नाही. घडवणारा संपला, विकत घेणारा टिकला. याचं कारण नशीब नव्हे. हैदराबादने घडवलेला प्रत्येक चांगला पोरगा कलकत्त्याला गेला. बलराम १९५७लाच ईस्ट बंगालकडे. पुढे १९७०च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघाचा कर्णधार नईमुद्दीन आणि त्याच संघातला महंमद हबीब, दोघेही हैदराबादी, दोघांचं नाव झालं ते कलकत्त्यात. खेळाडूंना दोष देता येत नाही. तिथे मान होता, प्रेक्षक होते, पैसे होते. पण ज्या मैदानाने त्यांना घडवलं त्याला बदल्यात छदामही मिळाला नाही. बीज एकाचं, पीक दुसऱ्याचं.

दुसरं कारण रहीम साहेबांच्या बाजूचंच आहे. त्यांनी खेळाडू घडवले, पण त्यांच्यासारखे शिक्षक पुरेसे घडले नाहीत. कमजोर पायाच्या स्पर्धा त्यांच्यासोबतच थांबत गेल्या. मुलगा एस. एस. हकीम रोम ऑलिंपिकच्या संघात होता, नंतर प्रशिक्षक आणि आंतरराष्ट्रीय पंच झाला, पण एक घर म्हणजे व्यवस्था नव्हे. आमच्या समाजातल्या कितीतरी शाळा, वाचनालयं, तालमी अशाच एका माणसावर उभ्या राहिल्या आणि त्याच्या मागे गेल्या. ‘देशासाठी राबलेला मुसलमान’ असं प्रशस्तिपत्र देऊन रहीम साहेबांचा फोटो भिंतीवर लावला की हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

खेळाडू घडवणाऱ्या क्लबला त्याच्या पुढच्या क्लबने भरपाई द्यावी, असा नियम फिफाने २००१मध्ये केला. त्याच सुमारास, २०००-०१च्या हंगामानंतर, मुंबईचा रोव्हर्स कप बंद पडला.