शब्दकोड्याचा न्याय

दूरदूरच्या गावी राहणाऱ्यांनी एकच शब्दकोडे सोडवावयाचे, तर त्यात न्याय कसा राखावा? हा प्रश्न संगणकयुगाचा वाटतो. परंतु येथे दिल्लीत त्याचा खल १९५७ सालीच झाला आहे.

त्या काळी बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून आर. एम. डी. सी. ही संस्था बक्षिसांची शब्दकोडी चालवीत असे. मुंबई राज्यातून तिला उदंड प्रवेशपत्रिका व शुल्क मिळे. मुंबईच्या १९४८ च्या नियंत्रण-कायद्यातून परप्रांतात छापलेली वृत्तपत्रे वगळलेली होती. १९५२ च्या दुरुस्तीने ही वाट बंद झाली, तेव्हा चालकांनी न्यायालयात धाव घेतली. मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांना यश आले. म्हणून राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज तेव्हा संसदभवनातच चाले. आजच्या टिळक मार्गावरील वास्तूत ते १९५८ साली गेले. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या न्यायपीठाने ९ एप्रिल १९५७ रोजी निर्णय दिला. कोडे बंगळूरला छापले जात असले, तरी पैसा व प्रवेशपत्रिका मुंबई राज्यात गोळा होत. तेवढा संबंध कर बसविण्यास पुरेसा ठरला.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. समजा, दोन अक्षरी शब्दाचे शेवटचे अक्षर ‘ळ’ दिले आहे आणि सूचना आहे, ‘प्रयत्न करणाऱ्यास हे लाभते’. मग ‘फळ’ की ‘बळ’? दोन्ही शब्द चपखल बसतात. समितीने आधी कोणता निवडला, हे कोणताही शब्दकोश सांगू शकत नाही. आर. एम. डी. सी.च्या कोड्यांत नेमका हाच दोष न्यायालयास दिसला. विद्वत्तेपेक्षा समितीच्या मर्जीचा अदमास महत्त्वाचा ठरतो, म्हणून तो जुगारच, व्यापारस्वातंत्र्याच्या संरक्षणास अपात्र, असा निष्कर्ष निघाला. त्याच दिवशी १९५५ चा केंद्रीय कायदाही जुगारी स्पर्धांपुरता वैध ठरला. त्यात महिन्याची बक्षिसे एक हजार रुपयांवर आणि प्रवेशपत्रिका दोन हजारांवर जाऊ न देण्याची अट होती.

उत्तर चोख असले, तरी वेळेचा प्रश्न उरतोच. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून सुरू झाली. तरी मुंबईत तिच्यामागे ३९ मिनिटे चालणारी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून होती. ‘सायंकाळी पाचपर्यंत’ एवढेच लिहिले, तर कोणत्या घड्याळाचे पाच, हे सांगणे तेव्हा अगत्याचे होते.

२०२१ च्या ऑक्टोबरात सर्वांस खुल्या झालेल्या ‘वर्डल’ने हा पेच निराळ्या रीतीने सोडविला. नवा शब्द प्रत्येकाच्या स्थानिक मध्यरात्री उघडतो. ऑकलंडला मध्यरात्र होते, तेव्हा दिल्लीत प्रमाणवेळेने सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात. तेथे उन्हाळी वेळ असेल, तर साडेचार. तिकडच्या आप्ताला उत्तर आपल्या कित्येक तास आधी ठाऊक होते. तरीही भांडण होत नाही, कारण बक्षीस नाही आणि शब्द न फोडण्याची रीत खेळणारेच पाळतात. त्यात पैसा आला, की मात्र सर्वांस एकाच क्षणी उघडणारे कोडे आणि एकच अंतिम क्षण हवा.

बदल्यांवर गावोगाव फिरलेल्या आपणां नोकरदारांस हे नवे नाही. नियम एक असून भागत नाही. तो सर्वांस एकाच वेळी कळावा लागतो, आणि त्याचा अर्थ वरिष्ठाच्या मनात दडून राहता कामा नये.